श्री. फॅन्सी टेक्स्ट जनरेटर यांस अनावृत पत्र



चौकोनात नाव टाकावं, की खाली तेच नाव ठळक, लपेटदार, गोलात कोंबलेलं, उलटं टांगलेलं असं हजर! ना लॉगिन, ना ओटीपी. आपल्या या निःस्वार्थ सेवेची शासनदरबारी दखल घेतली जात नाही, याचं वाईट वाटतं.

लोक समजतात, तुम्ही फॉन्ट बदलता. छे! तुम्ही अक्षरच बदलता. गणितात सदिश वेगळा, संच वेगळा दाखवता यावा म्हणून युनिकोडने २००१ साली ३.१ आवृत्तीत ठळक, तिरकी, वळणदार रोमन अक्षरं स्वतंत्र चिन्हं म्हणून भरती केली. बिचारी समीकरणात उभं राहायला आली होती. तुम्ही त्यांना इन्स्टाग्रामवर ‘किंग ऑफ सातारा’ लिहायला जुंपलंत.

उलटा रोमन ‘ई’ तर आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत आधीपासूनच होता. शिशाच्या खिळ्यांच्या काळात नव्या उच्चारासाठी नवा खिळा ओतण्यापेक्षा हाताशी असलेलाच डोक्यावर उभा करणं छापखान्याला सोयीचं पडे. ‘अबाउट’मधल्या पहिल्या पुसट ‘अ’ला तसाच उलटा ‘ई’ मिळाला. भाषाशास्त्राची पोरं त्यावर परीक्षा देतात. तुमच्याकडे तो वाढदिवसाच्या शुभेच्छांत शीर्षासन करतो.

पण महोदय, देवनागरीपाशी आपली विद्या अडते. गणितज्ञांनी आमचा ‘क’ ठळक करून कधी मागितलाच नाही, म्हणून तो माल तुमच्या दुकानात नाही. मग गिऱ्हाईक रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून तुमच्यातले काही जण मजकूर शेवटापासून उलटा लिहून देतात. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य कोणतंही शाळकरी पोर शेवटाकडून वाचतं आणि पुन्हा ‘रामाला भाला मारा’ म्हणतं. तुम्ही वाचलंत ‘ाराम ालाभ ालामार’. आराम, लाभ आणि शेवटी मार: भविष्य म्हणून छान आहे, उलटं वाक्य म्हणून नाही. तुमच्या हिशेबी ‘रा’ म्हणजे एक र आणि एक काना, असे दोन सुटे इसम. रांग उलटी केली की काना पुढे, र मागे. मग बेवारस कान्याला टेकायला संगणक टिंबांचं एक वर्तुळ काढून देतो. आम्ही त्या दोघांना मिळून ‘रा’ म्हणतो, एकच अक्षर. बाराखडी गिरवलेल्या कुणालाही विचारा.

इथवर गंमत होती. आता जरा कामाचं. सोसायट्यांचे सचिव हल्ली ‘वॉटर सप्लाय क्लोज्ड’ ही सूचनाही तुमच्याकडून नटवून आणतात. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन मजकूर वाचून दाखवतो. तुमची अक्षरं आली की काही फोन एकेका अक्षराआधी ‘मॅथेमॅटिकल बोल्ड’ असा जप करतात, काही ती गाळूनच टाकतात. पाणी कधी जाणार, हे त्या घरात कळत नाही.

तेव्हा दोन विनंत्या. देवनागरी उलटवाल तेव्हा व्यंजनाचा काना त्याच्याजवळच राहू द्या. आणि ‘कॉपी’च्या बटणाशेजारी एक ओळ टाका: नावाला चालेल, सूचनेला नाही. सचिवांनाही हेच सांगणं आहे. पाण्याची वेळ साध्या अक्षरांत कळवा.

आपला,
एक साधा टंकलेखक