नानांची वही

नाना रेल्वेतले निवृत्त गार्ड. समोरचा शिंकला तरी त्यांना त्यात त्याचा आजा दिसतो. स्टेशनाबाहेरच्या वडेवाल्यानं सुट्ट्या पैशांवरून आवाज चढवला, की नाना चष्मा कपाळावर सरकवतात, "ह्याचा बापही असाच खेकसायचा," म्हणतात आणि पिशवीतून वही काढतात. हातानं आखलेले रकाने: नाव, बाप, आजा, राग, विसराळूपणा, हट्ट. गुण दहापैकी. आतापर्यंत बासष्ट घरं झाली. आमच्या घराला हट्टात नऊ आहेत. मी आठ करा म्हणून मागे लागलो, तर दहा केले.

सुरुवात झाली गेल्या गणपतीत. पुण्याहून भाचा आला होता, डेटा सायन्सवाला. स्किझोफ्रेनियाचं असं एकच जनुक नसतं, तो सांगत होता. २०२२ साली ७६,७५५ रुग्णांचे आणि त्यांच्या तिपटीहून जास्त इतर लोकांचे जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा २८७ जागा निघाल्या. एकेकीचा जोर चिमूटभर. तंतोतंत सारख्या जुळ्यांतलासुद्धा एक आजारी पडतो नि दुसरा पुष्कळदा सुटतो.

"म्हणजे कसारा घाट!" नाना ओरडले. "सदतीसला एकचा चढ. एका इंजिनाचं काम नाही, मागून बँकर लावावे लागतात. इथं २८७ बँकर!"

भाचा बघतच राहिला. मलाही तेव्हाच कळलं, हे कबूल करतो.

यंदा त्यानं वही चाळली. "मामा, सगळ्या नोंदी जून ते सप्टेंबरच्याच?"

खरंच होतं. एरवी नाना वाशीला लेकीकडे असतात. पावसाळ्यात घर गळतं म्हणून इथं येतात, बादल्या सरकवायला. आणि इगतपुरीच्या पावसात चार महिने कपडे वाळत नाहीत, चादरींना कुबट वास, काड्यापेटी पेटत नाही. गोड बोलणार कोण?

"मग हा राग रक्तातला की पावसातला? तुलनेला शांत माणसं हवीत, मामा."

त्यांची इथं काय वाण? १९७६ पासून धम्मगिरीत विपश्यनेची शिबिरं चालतात. शिबिर सुटायच्या सकाळी नाना छत्री घेऊन फाटकाशी हजर. दहा दिवस मन निववून पहिले गृहस्थ बाहेर आले, हात जोडून मंद हसले. नानांनी थेट त्यांच्या आजोबांच्या रागाचीच चौकशी केली, तरी हसू ढळलं नाही. नानांनी समाधानानं लिहिलं: राग, ०.

तेवढ्यात रिक्षावाल्यानं स्टेशनपर्यंतचं भाडं सांगितलं.

नाना छत्री मानेत धरून खिशात खोडरबर शोधू लागले.