आमच्या शेजारची बारामती

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या कडेला. पण पुण्यामुंबईत कुणी 'गाव कुठलं?' असं विचारलं की तोंडातून 'बारामतीजवळ' असंच बाहेर पडतं. इंदापूर म्हटलं की समोरचा माणूस सोलापूर रस्त्यावरचा टोलनाका आठवायला लागतो. बारामती म्हटलं की त्याला आठवावं लागत नाही. तो खुर्ची जवळ ओढतो. पहिलं वाक्य कौतुकाचं असतं. 'काय रस्ते आहेत हो तुमच्याकडे! मोरगावच्या गणपतीला आलो होतो, तसेच पुढे बारामती बघून आलो.' देवदर्शनाला जोडून लोक तालुक्याचं गाव बघायला जातात, असं गाव महाराष्ट्रात दुसरं असेल असं मला वाटत नाही. दुसरं वाक्य मात्र आवाज खाली आणून येतं. 'बाकी काय... सगळं व्यवस्थित चाललेलं असेल ना?' हे म्हणताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासलेली असतात. कौतुक आणि संशय, दोन्ही एका दमात आणि दोन्ही मनापासून.

आपण बारामतीचे नव्हेत हे सांगायची वेळ तोवर गेलेली असते. कौतुक ऐकताना गप्प बसलेला माणूस संशयाची पाळी आल्यावर 'आम्ही तसे इंदापूरचे' म्हणायला लागला तर बरं दिसत नाही.

आता कौतुकाचं म्हणाल तर ते खोटं नाही. तीन हत्ती चौकातून कालव्याच्या कडेनं चालत जावं, पेन्सिल चौकाकडून एमआयडीसीत शिरावं. फूटपाथ फूटपाथच्या जागी, झाडं झाडांच्या जागी. इटलीची पियाजियो इथे तीनचाकी बनवते, इटलीचीच फेरेरो पोरांचं किंडर जॉय बनवते. 1999 साली सोनिया गांधींच्या विदेशी मुळाच्या मुद्द्यावर शरद पवार काँग्रेसमधून बाहेर पडले, त्याच सुमाराला बारामतीच्या माळावर इटालियन रिक्षा मूळ धरत होत्या. विदेशी मूळ जमिनीला चालतं, खुर्चीला चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ आमच्या पारावर तेव्हा काढला गेला.

मार्च 2024 मध्ये बारामतीत नवं बसस्थानक झालं. लोक त्याला सरळ विमानतळ म्हणतात. आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा बाकड्यावर बसण्याआधी त्यांनी सवयीनं उपरण्याचा एक फटका मारला. धूळ उडाली नाही. त्यांनी उपरणं उलटसुलट करून बघितलं, शेजारच्या बाकड्यावर दुसरा फटका मारला. तिथेही काही नाही. मग जरा नाराजच होऊन बसले. 'हे आपल्यासाठी नसावं,' म्हणाले. गाडी ओळखीचीच आली, कंडक्टरही ओळखीचा निघाला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

त्या उद्घाटनाची एक गंमत आहे. मुख्यमंत्री आणि दोन्ही उपमुख्यमंत्री बारामतीत येणार म्हटल्यावर शरद पवारांनी तिघांना आपल्या घरी, गोविंदबागेत, जेवायला बोलावलं. पवारांचा पक्ष फुटून वर्षही झालं नव्हतं, घरातली निवडणूक तोंडावर होती, आणि पत्र गेलं ते जेवणाचं! पाहुण्यांनी इतर कार्यक्रमांचं कारण सांगून नम्रपणे नकार कळवला. पुढे पवारांच्याच घरातल्या लोकसभेला नणंद-भावजय आणि विधानसभेला काका-पुतण्या समोरासमोर उभे राहिले, त्यावर राज्यभर चर्चा झडल्या. आमच्या घरात मात्र चर्चा वेगळीच. 'जेवायला काय केलं असतं गं?' असं तात्यांनी काकूंना विचारलं, आणि काकूंनी पुरणपोळीपासून सुरुवात करून अर्धा तास बेत सांगितला.

आम्हा इंदापूरवाल्यांचं बारामतीशी जे आहे त्याला राग म्हणावं की संसार, हे ठरत नाही. लग्नाचा बस्ता बारामतीत. मोठं दुखणं निघालं तर बारामती. पोराला इंजिनिअरिंगला घातलं विद्या प्रतिष्ठानमध्ये, पोरगी नोकरीला एमआयडीसीत. आणि संध्याकाळी पिशव्या घेऊन परत निघालं की भिगवण रस्त्यावर सुरू होतं, 'सगळं यांनी तिकडंच नेलं!' तात्या हे वाक्य फार तळमळीनं म्हणतात. त्यांच्या मांडीवर तेव्हा बारामतीतल्याच दुकानाची पिशवी असते. त्यांच्या रागात नीतीचा भाग किती आणि वाटणीचा किती, हे मी बरेच दिवस न्याहाळतोय. मला दिसतं ते असं, की कुणी नेलं याबद्दल तात्यांची फारशी तक्रार नाही. आपल्याकडे आणलं नाही, ही तक्रार आहे.

हे दुटप्पी रूप बारामतीला कालपरवा मिळालेलं नाही. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाइकांचा वाडा आहे. बाबूजी नाईक जोशी बारामतीकर हे मोठे सावकार, त्यांचे भाऊ आबाजी हे थोरल्या बाजीरावांचे मेहुणे, आणि खुद्द बाजीराव त्यांचे कर्जदार. 1740 साली बाजीराव गेले. तेव्हा रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी या बारामतीकरांचं नाव पुढे केलं आणि शाहू महाराजांपुढे भल्यामोठ्या नजराण्याची तयारी दाखवली. महाराजांनी वस्त्रं दिली नानासाहेबांना. मग बाबूजींनी बापाच्या थकलेल्या कर्जासाठी पोराच्या मागे तगादा लावला. अडीचशे वर्षांनी, 1991 साली, बारामतीच्याच दुसऱ्या एका नावाची पंतप्रधानपदासाठी दिल्लीत चर्चा झाली आणि वस्त्रं नरसिंह रावांना मिळाली. योगायोगच, दुसरं काही नाही; पण गावाला सवय लागलेली दिसते.

आणि याच नाइकांच्या आश्रयानं मोरोपंत बारामतीत राहिले. पन्हाळ्याकडचा हा कवी इथे येऊन आर्येत महाभारत रचत बसला, 1794 साली गेला तो इथेच. वाड्यात एकीकडे व्याजाचा हिशेब चाललाय, दुसरीकडे मात्रांचा. दोन्हीत एक मात्रा इकडची तिकडे झालेली चालत नाही. गावाच्या माहितीपत्रकात आज मोरोपंत असतात, कर्जवसुली नसते. मला विचाराल तर एकाशिवाय दुसऱ्याला बारामतीत घर मिळालं नसतं.

बाहेरच्यांची पंचाईत अशी की त्यांना एकच बारामती हवी असते. 2012 साली सिंचन घोटाळा हे दोन शब्द घरोघर पोचले. बारामतीच्या दिशेनं आरोप झाले, श्वेतपत्रिका निघाली, चौकशा लागल्या, पुढे क्लीन चिटही निघाल्या आणि त्यांच्यावरही शंका निघाल्या. त्या वर्षांत 'बारामतीजवळ' म्हटलं की लोक माझ्याकडे असे बघायचे जसं काही धरणाचं सिमेंट माझ्याच खिशात आहे. ऑक्टोबर 2014 मध्ये नरेंद्र मोदींनी बारामतीतच सभा घेतली आणि पवार काका-पुतण्यांच्या तावडीतून सुटा असं सांगितलं. चारच महिन्यांनी ते पुन्हा आले, कृषी विज्ञान केंद्रात हिंडले, शेतीचं काम बघून त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. तारीख होती 14 फेब्रुवारी. वर्तमानपत्रांना हसायला तेवढं पुरलं. आम्हाला त्यात विशेष वाटलं नाही. आमचे तात्या हा प्रवास दर आठवड्याच्या बाजाराला जाऊन-येऊन करतात.

इंदापूरनंही या विषयात आपली भर घातली आहे, ती नाकारता येणार नाही. आमचे माजी आमदार हर्षवर्धन पाटील 2019 मध्ये भाजपमध्ये गेले आणि दोन वर्षांनी मावळातल्या एका कार्यक्रमात गमतीनं बोलून गेले की, तिकडे गेल्यापासून झोप शांत लागते, चौकशी नाही, काही नाही. महाराष्ट्र खदखदून हसला. 2024 मध्ये ते शरद पवारांच्या पक्षात आले. झोपेचं पुढे काय झालं, हे आम्ही सभ्यपणे विचारलं नाही.

पण खरी मजा पाण्यात आहे. जून 2019 मध्ये तेव्हाच्या सरकारनं नीरा डाव्या कालव्याला मिळणारं जादा पाणी थांबवून उजव्या कालव्याकडे वळवलं, म्हणजे फलटण, माळशिरस, सांगोल्याकडे. बातम्या आल्या, 'बारामतीचं पाणी बंद'. पलीकडे आनंद झाला की चला, बारामतीची खोड मोडली. आता हा कालवा काही बारामतीत संपत नाही. तो तसाच पुढे आमच्याकडे येतो. तात्यांच्या उसाला त्याच पाटाचं पाणी. 'बारामतीनं पाणी पळवलं' असं जे वर्षानुवर्षं फलटणकडचे लोक म्हणत होते, त्या पळवापळवीतला आमचा वाटा आम्ही न बोलता पीत होतो. पुढल्या वर्षी सरकार बदललेलं होतं, वाटणी पुन्हा फिरली, बारामतीला शिव्या पुन्हा सुरू झाल्या आणि आमच्या चारीला पाणी पुन्हा आलं. उलट बाजू अशी की बारामती तालुक्यातच सुप्याकडचा जिरायती पट्टा उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो. त्यांना बाहेरच्या शिव्या तेवढ्या पूर्ण मिळतात.

मग 2021 आलं. एप्रिलमध्ये उजनी धरणातून इंदापूरसाठी 5 टीएमसी पाणी उचलायचं ठरलं. आमचे आमदार दत्तात्रय भरणे तेव्हा सोलापूरचे पालकमंत्री. म्हणणं असं होतं की पुण्या-पिंपरीचं सांडपाणी उजनीत येतं, तेवढंच उचलतोय. सांडपाण्यासाठी एवढं भांडण महाराष्ट्रानं पाहिलं नसेल. उजनीवर हक्क सांगणारं सोलापूर पेटलं, आंदोलनं झाली, आणि मे महिन्यात तो निर्णय रद्द झाला. त्या महिनाभरात उजनीच्या पलीकडे इंदापूरबद्दल जे बोललं जात होतं, ते ऐकून तात्या चकित झाले. पाणीचोर, सत्तेचा माज, सगळं यांनी तिकडंच नेलं. शब्द सगळे ओळखीचे होते. आयुष्यभर तेच वापरत आले होते, फक्त तोंड बारामतीकडे करून.

मध्यंतरी आम्ही भिगवणला मासे खायला थांबलो. बाहेर धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला आलेल्या पुणेकरांच्या गाड्या, आत चिलापीच्या रश्श्याचा वास. आमच्याच टेबलाला करमाळ्याकडचे एक पाहुणे येऊन बसले. डिकसळच्या पुलावरून आलेले. गाव कुठलं वगैरे झालं. तात्या या वेळी ठासून म्हणाले, 'इंदापूर तालुका.'

'हां, इंदापूर,' पाहुणे भाकरी मोडत म्हणाले, 'तुमचं बरं आहे बुवा. मंत्री तुमचे, धरण तुमच्या दारात, रस्ते चकाचक. आमच्या जमिनी धरणात गेल्या आणि मोटारी तुमच्या चालू.'

'आमच्या बी गेल्या की!' तात्या उसळले. 'आख्खं पळसदेव पाण्यात गेलं. उन्हाळ्यात देवळाचं शिखर वर येतं, जाऊन बघा. अन् रस्ते म्हणाल तर या एकदा आमच्या वाडीला पावसाळ्यात.'

पाहुण्यांनी काटा बाजूला काढला. 'ते राहू द्या हो. आमच्याकडे तुम्हाला काय म्हणतात ठाऊक आहे का? मिनी बारामती!'

तात्या गप्प झाले. मला वाटलं, आता ताट सरकवतात. त्यांनी रश्श्याचा एक घोट घेतला, मिशीवरून हात फिरवला, आणि वेटरला हाक मारली.

'अरे, पाव्हण्यांना आणखी एक फ्राय आण. अन् ह्यांचं बिल आमच्यातच धर.'