फास्ट : एका जागेवरून न हलणाऱ्या शब्दाची धावपळ

सोलापुरी चादरीच्या दुकानात ‘कलर फास्ट आहे’ असे आश्वासन दिले जाते, तेव्हा रंग वेगाने निघून जाईल असा त्याचा अर्थ कोणी घेत नाही. मात्र सोलापुरात त्याच शब्दाने गाडीचा वेगही सांगितला जातो, आणि इंग्रजी शाळेतली नातवंडे आजीच्या एकादशीलाही ‘फास्ट’च म्हणतात. चिकटून बसणे, सुसाट पळणे आणि उपाशी राहणे ही तिन्ही कामे एकाच शब्दावर सोपवणे निर्दयपणाचे वाटते खरे, परंतु व्युत्पत्ती, म्हणजे शब्दाचे मूळ आणि कूळ, तपासल्यास तिन्ही कामे एकाच घराण्यातली निघतात.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ ‘घट्ट, अढळ’ असा होता, आणि तो चादरीच्या रंगाने अद्याप इमानाने सांभाळला आहे. चादरीचे सूत विणण्याआधीच रंगवले जाते. त्यासाठी वापरले जाणारे व्हॅट रंग मुळात पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून कॉस्टिक सोडा आणि हायड्रो घालून त्यांना तात्पुरते विरघळवतात, त्या अवस्थेत ते तंतूंत शिरतात, आणि हवा लागताच पुन्हा मूळच्या न विरघळणाऱ्या रूपात येऊन आतच अडकतात. पाहुणा म्हणून आत घेतलेल्याने सातबाऱ्यावर नाव लावून घ्यावे, तसा हा प्रकार आहे. प्रयोगशाळेत धुण्यातील पक्केपणाला 1 ते 5 अशी श्रेणी देतात आणि त्यात 5 ही उत्तम मानतात. घरोघरी मात्र नवी चादर पांढऱ्या सदऱ्यासोबत भिजवली जाते आणि निकाल सदऱ्यावर जाहीर होतो.

घट्टपणातून वेग कसा निघाला, याचे उत्तर असे की जो घट्ट तो निर्धाराचा, निर्धाराने पळणारा जोर लावून पळणारा, आणि जोर लावणारा साहजिकच पुढे जाणारा. यावर मराठी वाचकाने हसण्याचे कारण नाही, कारण ‘कसणे’ म्हणजे आवळणे असूनही मराठीत सराव कसून होतो आणि चौकशीही कसून होते. फरक इतकाच की मराठीने या शब्दाला वेगापर्यंत पोहोचू दिले नाही. त्यामुळे एखादा तपास वर्षानुवर्षे कसून चालू राहू शकतो आणि व्याकरणाला त्यात काहीही वावगे वाटत नाही. 10 फेब्रुवारी 2023 रोजी सुरू झालेल्या मुंबई–सोलापूर वंदे भारत गाडीत तर दोन्ही अर्थ एकत्र नांदतात : गाडी नव्या अर्थाने फास्ट, आणि खुर्चीला खिळलेला प्रवासी जुन्या.

उपवासाचा अर्थही घट्ट धरण्यातूनच आला. गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेतील ‘फास्तान’ म्हणजे धरून ठेवणे, पाळणे. त्यातून नियम पाळणे, आणि नियमांत सर्वांत अवघड तो न खाण्याचा. ‘ब्रेकफास्ट’ म्हणजे उपवास सोडणे, अर्थात पारणे. या हिशेबाने इंग्रज माणूस रोज सकाळी द्वादशी साजरी करतो, आणि तीही अंडी खाऊन. आषाढीला ज्याच्यासाठी लाखो लोक उपवास धरतात तो पंढरीनाथ सोलापूर जिल्ह्यातलाच. शब्दाच्या मूळ अर्थाने जिल्ह्यातील सर्वांत फास्ट कोण, या प्रश्नाला एकच उत्तर संभवते, आणि ते अठ्ठावीस युगे विटेवरून हललेले नाही.

भक्तांच्या निर्धाराची परीक्षा स्वयंपाकघरात होते. शेंगदाणा उपवासाला चालतो, लसूण चालत नाही, आणि सोलापुरी शेंगा चटणीत दोन्ही एकत्र कुटलेले असतात. शेंगदाण्याच्या बाजूने युक्तिवाद करून पाहणारे प्रत्येक घरात एखादे तरी असते, पण निकाल लसणाच्या विरोधातच लागतो. म्हणून एकादशीला चटणीची बरणी झाकण आवळून फडताळात फास्ट राहते, आणि द्वादशीला कडक भाकरीसोबत ती ज्या गतीने रिकामी होते, त्या गतीसाठीही इंग्रजीला दुसरा शब्द शोधावा लागत नाही.