पाच अंशांखालची माया

रायगडमधल्या आगरदांड्याच्या धक्क्यावर दोन शीतसाखळ्या चालतात. एक खरी. ताजी सुरमई थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या थरांत, मुंबईच्या लेकाकडे जाते. दुसरी मायेची. पेढ्यांचा बॉक्स गाडीतला पाच तासांचा उकाडा खाऊन आईकडे येतो, आणि ती तो आठवडाभर पुरवते. ‘लेकानं आणलेत हो!’

मुलं शहरात, घरात दोघं किंवा एकटीच म्हातारी. पाटी नसलेला वृद्धाश्रमच तो. त्याच्या फ्रीजला माझा साष्टांग नमस्कार! वर इन्सुलिन, शेजारी उघडं वाटण, मध्ये तीन दिवसांपूर्वीची आमटी, दारात कुठल्याशा लग्नातलं श्रीखंड. जागतिक आरोग्य संघटना सांगते, अन्न 5 अंशांखाली किंवा 60 अंशांवर ठेवा, शिजवलेलं दोन तासांहून जास्त बाहेर नको. आमची कसोटी एकच: वास घेऊन बघ. वयानं नाक मंदावलेलं, आणि लिस्टेरिया नावाचा जंतू वास न देता फ्रीजच्या गारव्यातही वाढतो. गाठतो तोही म्हाताऱ्यांनाच जास्त.

वीज गेली की फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगडच्या कित्येक गावांत तो आठवडेच्या आठवडे कपाटच होता. तेव्हा कामाला आले फळीवरचे सुके बोंबील आणि सोडे.

पुढच्या खेपेला पेढे नकोत. फ्रीजमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर आणा. आणि आईला न विचारता ती आमटी आधी ओतून द्या.