बुडाचं माप

घरी गाडी बांधणाऱ्या माणसाला लोक इंजिनाबद्दल विचारतात. किती सीसी, किती हॉर्सपॉवर, पळते किती. बसणार कशावर, हे कुणी विचारत नाही. नकाशातसुद्धा चॅसिसची नळी न् नळी मिलिमीटरमध्ये दिलेली असते आणि ड्रायव्हरच्या जागी नुसती कोरी जागा. हा सुटा भाग खोक्यातून येत नाही. तो आधीपासून घरात असतो, दिवाळीनंतर त्याचं माप बदलतं आणि त्याला ग्राइंडर लावता येत नाही.

आम्ही राहतो कॉव्हेंट्रीत, आणि या देशात हा रोग जुना आहे. लोटस कंपनीने 1957 मध्ये ‘सेव्हन’ काढली तेव्हा तयार गाडीवर पर्चेस टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता. मग गिऱ्हाइकाने सुटे भाग न्यावेत आणि घरी जोडावेत. सोबत जोडणीची पुस्तिका दिली तर सवलत जाणार, म्हणून कंपनी गाडी खोलायची पुस्तिका द्यायची आणि लोक ती शेवटून वाचायचे, असा किस्सा इथे चवीने सांगतात. (आपल्याकडच्या सीए मंडळींना भरून यावं असं हे प्रकरण आहे.) 1973 मध्ये व्हॅट आला आणि पळवाट बुजली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. 1996 मध्ये रॉन चॅम्पियनने अडीचशे पौंडांत स्पोर्ट्‌स कार कशी बांधावी याचं पुस्तक लिहिलं आणि ज्याच्याकडे गॅरेज आहे असा प्रत्येक नवरा कामातून गेला.

माझी गाडी त्याच घराण्यातली. इंजिन आणि गिअरबॉक्स एका म्हाताऱ्या माझदा एमएक्स-5 चे. तिच्या सीटही सोबत आल्या होत्या, डोक्याच्या उशीत स्पीकर असलेल्या. फुकट, मऊ, गाण्यासकट! आता सेव्हनच्या पोटातून मधोमध गिअरबॉक्सचा बोगदा जातो आणि कडेला चॅसिसची नळी. या दोहोंत जे उरतं ती लोकलमधली चौथी सीट. माझदाची सीट त्यात उतरेना. लोक तिचे पंख कापून बसवतात म्हणे, पण धडधाकट सीटला करवत लावायचं माझ्याच्याने होईना.

म्हणून मे महिन्यात स्टोनलीच्या किट कार प्रदर्शनात गेलो. तिथे सीटच्या स्टॉलवर पोक्त, टक्कल पडलेली माणसं रांगेने फायबरग्लासच्या बकेट सीटमध्ये बसलेली होती. हात हवेत, नसलेल्या स्टिअरिंगवर, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर गंभीर भाव. एकाने तर वळण घेतलं. विक्रेत्याने मला कंबर विचारली. ‘छत्तीस,’ मी म्हणालो. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अडतीसची काढली.

रेसिंगची अधिकृत सीट घ्यावी का, हाही विचार झाला. पण एफआयएचा शिक्का असलेल्या सीटला मुदत असते, साधारण पाच वर्षांची. श्रीखंडाच्या डब्यावर तारीख बघायची सवय होती, सीटवर बघायची नव्हती. मग कार्बन फायबरची दिसली. लोटसचा कॉलिन चॅपमन वजन छाटण्यासाठीच प्रसिद्ध होता आणि त्याचे वारसदार अजून ग्रॅमग्रॅमने गाडी सोलतात. या सीटने दोन-तीन किलो वाचतील, असं मी हिला समजावून सांगितलं, किंमतही सांगितली. ‘तेवढे तर तू गणपतीत कमावतोस,’ ती म्हणाली. फायबरग्लासच्या दोन घेतल्या.

बकेट सीट आपल्या अंगाची व्हावी म्हणून एक उपाय आहे. दोन द्रव एकत्र ढवळायचे, कचऱ्याच्या जाड पिशवीत ओतायचे, पिशवी सीटमध्ये ठेवायची आणि वर बसायचं. आतला फोम फुगत जातो, पाठीचे खळगे भरून काढतो, आणि घट्ट होतो. तोवर पाय पेडलवर, हात स्टिअरिंगवर, आणि अजिबात हलायचं नाही. फोम फुगताना चांगला तापतो, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि ते खालून कळणं वेगळं. नेमका तेव्हाच पुण्याहून आईचा फोन आला. हिने तो स्पीकरवर लावला.

‘काय करतोयस रे?’

‘काही नाही, बसलोय.’

‘आवाज असा का येतोय? बरं नाहीये का?’

‘बरा आहे गं. हलता येत नाहीये एवढंच.’

पुढची दहा मिनिटं मुळव्याधीवरचे घरगुती उपाय ऐकण्यात गेली. साचा मात्र झकास उतरला. डाव्या बाजूला खोलगट खड्डा आहे. पाकीट मागच्या खिशात होतं.

बसवण्याचं काम म्हणजे शुद्ध छळ. भोक जिथे पाडायचं ती जागा सीटने झाकलेली असते, आणि सीट उचलली की भोक कुठे पाडायचं ते कळत नाही. मी देवघरातलं कुंकू खोबरेल तेलात कालवलं, सीटच्या पट्ट्यांतून खाली घातलेल्या चारही बोल्टच्या टोकांना लावलं आणि सीट अलगद खाली टेकवली. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चार ठसठशीत टिळे उमटले. कुंपणावरून डोकावणाऱ्या शेजारच्या आजोबांनी आदराने विचारलं, ‘धार्मिक विधी आहे का?’ म्हटलं, नाही, मार्किंग. मग पंच मारला, तीनच्या बिटने भोकं पाडली, साडेआठच्या बिटने मोठी केली. नुसत्या पत्र्यावर भरवसा ठेवला तर ठोकर लागताच बोल्ट पत्रा फाडून निघेल, म्हणून खालून चॅसिसच्या नळ्यांना टेकलेल्या पोलादी पट्ट्या, 8.8 छापलेले एम-8 बोल्ट आणि नायलॉक नट. अख्खी गाडी मेट्रिक, इंजिन जपानी, तरी सीटबेल्टचा बोल्ट मात्र 7/16 इंची. तो जगभर तसाच आहे. इंग्रज गेला, इंच राहिला.

एवढ्यात हिने जाहीर केलं की गाडी तीही चालवणार. तिची उंची पाच फूट एक इंच, आणि पेडल तर जागचे हलत नाहीत. म्हणजे सीट हलायला हवी, म्हणजे उजवीकडे रेल आल्या. रेलने सीट इंचभर वर गेली, म्हणून गादी कापली. फोमचा साचा जगात फक्त मलाच बसतो आणि ड्रायव्हरची जागा दोघांची, तेव्हा साचा डावीकडे, बाजूच्या सीटमध्ये गेला. रस्त्यावर आणण्याआधीच्या आयव्हीए तपासणीला तपासनीस डोक्याच्या मापाचा गोळा घेऊन आला. तो गोळा जिथे जिथे टेकेल तिथली कड किमान 2.5 मिलिमीटर गोल हवी. त्याने दोन्ही सीट गदागदा हलवल्या, रेल मागेपुढे केली, डावीकडच्या साच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि काही न विचारता पास केलं.

त्याच उन्हाळ्यात साताऱ्याहून सासरे आले. त्यांना पहिली फेरी द्यायची ठरली. दार नाहीच, त्यामुळे एक पाय आत, मग बोगद्याला धरून दुसरा, मग एकदम खाली. ते माझ्या आकारात टेकले, जरा चुळबुळले आणि म्हणाले, ‘जावईबापू, इथं कुणीतरी आधीच बसलंय.’ हिने पट्टा आवळला, रेल पुढे ओढली, चावी फिरवली.

‘अहो, पण तुम्ही कुठं बसणार?’ सासऱ्यांनी मान वळवून मला विचारलं.

‘तो नाही येत, बाबा,’ ती म्हणाली. ‘तो चहा टाकतोय.’