अंगठा उठत नाही, काका

नोव्हेंबर लागला की रोह्यात जिवंत असण्याचा हंगाम सुरू होतो. पेन्शनर मंडळी आंघोळ आटोपून, इस्त्रीचा शर्ट चढवून, पिशवीत पीपीओची झेरॉक्स टाकून निघतात आणि हयातीच्या दाखल्यासाठी रांग लावतात. माणूस समोर उभा आहे, खोकतोय, ‘जरा पंखा लावा’ म्हणतोय. पण यंत्राच्या लेखी या सगळ्या ऐकीव गोष्टी. त्याला अंगठा हवा.

अंगठा उठत नाही.

उठणार कसा? धाटावच्या कारखान्यात ड्रम ढकलून आणि अ‍ॅसिडची पिंपं हाताळून रेषा केव्हाच झिजल्या. मशीनवरचा पोरगा मात्र चिकाटीचा. “दाबून धरा.” “एवढं नको हो.” “पुसून लावा.” “आता फार कोरडा झाला, केसांवरून फिरवा.” काकांना टक्कल. मागच्या गृहस्थांनी सौजन्य म्हणून स्वतःचं डोकं पुढे केलं, तर पोरगा म्हणतो, चालेल, पण तेल कोणतं लावता? याच काकांना एकेकाळी अंगठेबहाद्दर म्हणून हिणवलं, साक्षरतेच्या वर्गात बसवून सही गिरवून घेतली. आता सही झोकदार येते आणि तिला कुणी विचारत नाही. एकलव्य सुटला म्हणायचा, त्याने एकदाच दिला. इथे दरसाल द्यायचा, आणि तरी गुरुजी म्हणणार, नीट उमटला नाही, पुन्हा द्या.

आणि हे सगळं कशासाठी? कामगारांच्या ईपीएस-९५ योजनेची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १००० रुपये. डिजिटल दाखलाही त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातला. तेव्हापासून यंत्र अंगठ्यावरून डोळ्यावर गेलं, डोळ्यावरून चेहऱ्यावर आलं, हजार हजारावरच. हिशेब मोठा शास्त्रशुद्ध: पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पगार कितीही असो, धरायचा १५,००० पर्यंतच, आणि सप्टेंबर २०१४च्या आधी तर ६,५००च. वर निवडीचं स्वातंत्र्यही आहे. पन्नाशीनंतर घ्या, ५८ला जितकी वर्षं कमी तितक्या वर्षांचे ४-४ टक्के कापू. साठीपर्यंत थांबा, वर्षाला ४ टक्के वाढवू. बावन्नाव्या वर्षी ज्याच्या कारखान्याला कुलूप लागलं, त्याने आता शांत चित्ताने निवड करावी! अहो, घरपट्टीची नोटीस काढताना कधी हयातीचा दाखला मागितलात? वीजबिल पाठवताना अंगठा लागला? वसुलीला माणूस जिवंतच असतो, द्यायची वेळ आली की तो संशयित.

असो. तेवढ्यात सर्व्हर पडला. पोरगा म्हणाला, पेणला जा, तिथे चेहऱ्यावर होतं.

आता रोह्याहून नागोठणे, वडखळ करत मुंबई-गोवा महामार्गाने जो पेणला धड पोचला, त्याच्या हयातीला वेगळा पुरावा कशाला? २०११ साली चौपदरीकरण सुरू झालं. तेव्हा जे नोकरीत होते ते रिटायर झाले, रस्ता अजून प्रोबेशनवर. मी सांगतो, वडखळला एक टेबल टाका, गाडीतून जो उतरेल त्याच्या हातावर शिक्का मारा. नाहीतर सरळ एसटीच्या कंडक्टरलाच अधिकार द्या. काका पंचाहत्तरीपुढचे, त्यांना प्रवास फुकट. कंडक्टरने आधार कार्ड पाहिलं, तोंड पाहिलं, शून्याचं तिकीट फाडलं. एवढ्यात झालं! ना तेल, ना टक्कल.

पेणला मोबाइल समोर धरून हुकूम झाला: चेहरा गोलात आणा, डोळे मिचकावा. मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं झालेले काका मिचकावत होते, ते मोबाइलला पोचत नव्हतं. ज्या पेणमध्ये शाडूच्या गणपतीचे डोळे असे आखतात की मूर्ती आपल्याकडे बघतेय असं वाटावं, तिथे जित्याजागत्या माणसाची नजर नामंजूर! कारागिरालाच बोलवावं, काकांची आखणी करून घ्यावी, असं मी सुचवणार होतो. पण सातव्या मिचकावणीला चेहरा लागला. टाळ्या झाल्या.

“आता ओटीपी सांगा काका.”

ओटीपी सूनबाईंच्या मोबाइलवर गेलाय. सूनबाई डोंबिवलीला, ड्युटीवर. फोन लॉकरमध्ये.