भरला काटा, रिकामा काटा

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. दोन वर्षांनी नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच एकट्याने मारली. तिघेही डॉक्टर. मी विमा एजंट. त्यांना जमतं तर आपल्याला का नाही, असं वाटायला काही कारण नव्हतं, पण वाटलं.

लांब पल्ल्याच्या हौशी सायकलवाल्यांत ‘ब्रेव्हे’ नावाचा प्रकार असतो. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत काढावे लागतात. जळगाव-धुळे जाऊन-येऊन जवळपास तेवढंच भरतं. सरावाला म्हणून गेल्या वर्षी कापसाच्या हंगामात, २०२५ च्या फेब्रुवारीत, पहाटे निघालो. कार्बनची सायकल, हेल्मेट, गॉगल आणि बुडाला गादी शिवलेली ती तंग चड्डी. बायको म्हणाली, “वरून बरमुडा घाला, कॉलनीतून जायचंय.”

बांभोरीला गिरणेच्या पुलावर ऊन पाठीवर आलं, खालून गार झुळूक आली आणि सायकल आपोआप चालल्यासारखी चालली. त्या दहा-पंधरा मिनिटांत मी मनातल्या मनात सत्काराचं भाषण करून, शाल-श्रीफळ घेऊन मोकळा झालो. पाळधीच्या पुढे ट्रकांनी ताबा घेतला. हा सुरतहून नागपूरमार्गे थेट कोलकात्याकडे जाणारा महामार्ग, आशियाई महामार्ग क्रमांक ४६ म्हणतात तोच. निम्मा भारत इथून जातो आणि प्रत्येकाला माझ्या कानाशीच हॉर्न वाजवायचा असतो. ट्रक जवळून गेला की आधी तो आपल्याला स्वतःकडे ओढतो, मग साइडपट्टीवरच्या खडीत फेकतो. समोरून राँग साईडने मोटारसायकलवर तिघं येतात आणि वर आपल्यालाच ‘बाजूला व्हा ना काका’ म्हणतात.

एक पोरगा मोटारसायकल माझ्या बरोबरीने चालवत राहिला. “केवढ्याची?”

मी किंमत निम्मी सांगितली.

“एवढ्यात तर सेकंडहँड स्प्लेंडर येते भो,” म्हणाला आणि कीव करून निघून गेला.

एरंडोलला पांडववाडा आहे. एकचक्रानगरी ती हीच, भीमाने बकासुराला मारलं ते इथेच, असं गावकरी सांगतात. तिथल्या टपरीवर मी पोहे ज्या वेगाने खाल्ले ते पाहून टपरीवाल्याला दोघांपैकी कुणाची आठवण झाली असेल, कोण जाणे.

रस्ता नकाशावर सपाट आहे. नकाशात वारा दाखवत नाहीत. धुळे जिल्ह्यात साक्रीकडे पवनचक्क्यांची रांग उभी आहे, ती काही शोभेला नाही, हे एरंडोल सोडल्यावर लक्षात आलं. पश्चिमेचा वारा छातीवर बसला. वेग इतका पडला की शेतातली कुत्री भुंकायला उठली आणि अर्ध्यात कंटाळून बसली.

अशात कापसाने गच्च भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली पुढे आली. तिच्या आडोशाला सायकल घातली आणि वारा मेला! डोळ्यांसमोर पांढरीशुभ्र भिंत, मागे मी, पायडल लोण्यासारखं फिरतंय. जाळीतून निसटलेला कापूस घामाने दाढीमिशांना चिकटत होता, पण त्याची कुणाला पर्वा? ट्रॉली जाईल तिथे मी. पारोळ्याच्या अलीकडे ती डावीकडे वळली, मीही वळलो. एक गेट आलं, एक उतार आला, लोखंडी पत्रा खडखडला आणि ट्रॉली थांबली. मीही एक पाय टेकून थांबलो, दम खात.

ते एका जिनिंगचं आवार होतं. आम्ही वजनकाट्यावर उभे होतो.

खिडकीतल्या पोराने पावती छापल्यावर मान वर केली. “हे कोण?” तोवर ट्रॅक्टर ढिगाकडे निघाला होता आणि मागच्या ट्रॉलीने हॉर्न सुरू केला होता. शेतकरी उतरून आला, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “धुयाले? सायकलवर? येडा शे का भो तू?”

मुनीम मात्र हिशेबाचा माणूस. म्हणाला, “तुम्ही भरल्या काट्यात आलात, आता रिकाम्या काट्यातही यावं लागेल. नाहीतर शेठ तुमचे पैसे कुणाच्या नावावर टाकणार?”

त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. सायकल आणि पाण्याच्या बाटल्या धरून मी क्विंटलला थोडाच कमी. म्हणजे सात हजारांच्या घरात! इतका भाव मला लग्नातसुद्धा आला नव्हता. अर्थात खरेदी केंद्रावर कापसात आठ टक्क्यांच्या वर ओल निघाली की पैसे कापतात आणि बाराच्या वर माल परत. माझी ओल पाहता मला गेटवरूनच परत पाठवलं असतं.

ट्रॉली रिकामी होईपर्यंत शेतकऱ्याने फडकं सोडलं. कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. “खाय,” म्हणाला. मी दीड भाकरी खाल्ली, वर तांब्याभर पाणी प्यालो. मग रिकाम्या ट्रॉलीमागे पुन्हा काट्यावर उभा राहिलो, हमाल लोक टाळ्या वाजवत असताना. तांब्याभर पाण्याचं वजन रिकाम्या काट्यात गेलं, म्हणजे कापूस तेवढा कमी भरला. त्याचीच भाकरी खाऊन मी त्याचंच नुकसान केलं होतं. हे त्याच्या ध्यानात यायच्या आत पारोळा गाठलं.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. फळाची आशा सोडून कर्म करत राहावं, हे मला मुकटी ते फागणे या टप्प्यात तुरुंगात न जाताच कळलं. परतीचा बेत तिथेच सुटला. दिवेलागणीला पांझरा ओलांडून देवपूरला मावशीच्या दारात सायकल टेकवली. कानात अजून कापूस होता.

मावशीने आधी सायकल पाहिली, मग मला. “एसटीचा संप आहे का रे?”

“नाही. हौस म्हणून आलो.”

तिने काही न बोलता पाणी दिलं आणि आत जाऊन माझ्या बायकोला फोन लावला. भिंत पातळ आहे. “गाडी विकली का गं त्याने? काही अडचण असेल तर मोकळेपणी सांग बाई, आपण काय परके आहोत?”

सकाळी निघताना तिने माझ्या मुठीत पाचशेची नोट कोंबली. ‘नको नको’ म्हणत मी ती घेतली. एसटीचं तिकीट आणि सायकलचं लगेज त्यातच भागलं.